मिस्त्रींचा डावा कान

आमचे मिस्त्री गाडीचं दुखणं हातानं ऐकायचे. गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि उजवा कान गाडीकडे करायचा. डावा कामातून गेला होता. तो कुणामुळे गेला हे लोणावळ्याच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मिस्त्री ते कुणाला विसरू देत नसत.

माझं टायरचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून होतं, त्यामुळे साठच्या सुमाराचा तो प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. मुंबईच्या एका साहेबांचा इथं बंगला होता. गाडी लाल, विलायती, दोनच माणसं बसतील एवढी. गिअर टाकताना करकरते म्हणून त्यांनी ती आणली. पाठोपाठ दुसऱ्या मोटारीतून पाहुणे आले होते. मिस्त्रींनी एक चक्कर मारली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "गाडी बरी हाय साहेब. तुमीच क्लच पुरता दाबत न्हाई."

पाहुणे हसले. साहेबांनी मिस्त्रींच्या कानाखाली अशी लगावली की कानातून रक्त आलं.

गावाहून, नवलाख उंबऱ्याहून, मिस्त्रींचे थोरले भाऊ भेटायला आले. "इसरून जा," म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "त्यो इसरंल, भाऊ. दोगांनी इसरून कसं चालंल?"

मग ते वाट बघत राहिले. लाल गाडी रस्त्यानं गेली की हातातला पाना तसाच धरून आवाज ऐकायचे. एकदा मला म्हणाले, "मोठं इंजिन घातलंय तिला. आता यील."

आठ वर्षांनी ती आली, साहेबांच्या ड्रायव्हरनं आणि दोन हमालांनी ढकलत. साहेब मागून चालत होते. त्यांनी मिस्त्रींना ओळखलंसुद्धा नाही.

मिस्त्रींनी इंजिन बंद ठेवून गिअर टाकले. सगळे अलगद पडले. इंजिन चालू केलं तर एकही पडेना, नुसती करकर. मग ते खाली शिरले. बाहेर आल्यावर हळूच माझ्यापाशी म्हणाले, "इंजिन बदललं, पर क्लचची सळई जुनीच. आखूड पडती, क्लच सुटतच न्हाई. गिअरपेटीखालचं रबरबी फाटलंय, पडलेला गिअर टिकायचा न्हाई." नंतर साहेबांना म्हणाले, "काय झालंय ते कळलं. तासाभराचं काम हाय."

"मग करा."

"न्हाई." त्यांनी डावा कान पुढे केला. "ह्यो वळखता का?"

साहेबांचा चेहरा उतरला. गावात दुसरा कुणी त्या गाडीला हात लावत नव्हता. ते वाकून पुटपुटले, "चुकलं माझं."

"ऐकू आलं न्हाई."

साहेब मोठ्यानं बोलले. मिस्त्रींनी डावा कान आणखी पुढे केला. तिसऱ्यांदा समोरच्या चिक्कीवाल्यालाही ऐकू गेलं. हसलं कुणीच नाही.

"तरीबी न्हाई," मिस्त्री म्हणाले. "आन येणारबी न्हाई. गाडी घिऊन जावा."

ड्रायव्हरला मात्र त्यांनी बाजूला घेतलं. "उतारावर दुसरा गिअर सुटंल. हिच्यात बसून घाट उतरू नगंस." शेवटी ती गाडी मालट्रकात चढवून पुण्याला नेली.

पुढे मिस्त्री छातीच्या दुखण्यानं गावी जाऊन पडले. भेटायला गेलो तेव्हा मी विचारलं, "नीट करून दिली असती तर? मोठेपणा तुमचाच झाला असता."

"नीट केली असती तर त्यो घाट उतरायच्या आत मला इसरला असता," ते म्हणाले. "आता गिअर टाकताना रोज आठवत आसंल."

आणि ते हसले. त्या आजारपणात त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं. आठवड्यानं ते गेले.