जन्म शून्य

नूअर्सुकला, म्हणजे आमच्या गावात, एकोणीस वर्षांत कुणी जन्मलंच नाही, हे बिबियानेला फोनवरच्या सभेत कळलं. सभा नेहमीप्रमाणे सेवाघरात होती. तिथंच आम्ही आंघोळी करतो, कपडे धुतो, आणि नगरपालिकेला आमच्याशी बोलायचं असलं की तिथंच जमतो. कुणाचं तरी कपड्यांचं मशीन चालू राहिलं होतं. त्या घरघरीतून क्लेमेन्सचा आवाज येत होता. नगरपालिकेचा हा क्लेमेन्स आपल्याच भाषेत बोलणारा, आपल्याच किनाऱ्यावरचा मुलगा. पण त्याची कचेरी राजधानीत, आमच्यापासून बोटीने दोन दिवस लांब. नूअर्सुक त्याने कधी पाहिलेलं नव्हतं.

"लोकसंख्या बासष्ट," तो वाचत होता. "एकोणीस वर्षांत मृत्यू एकतीस. जन्म शून्य. अशा ठिकाणी आरोग्य केंद्र ठेवायचं का, हा प्रश्न आहे."

"आणि शाळेतली नऊ पोरं?" एनोक म्हातारा म्हणाला. "ती काय हॅलिबट माशाच्या पोटातून निघाली?"

सगळे हसले. फोनमधून क्लेमेन्सही हसला.

"ती शहरातल्या इस्पितळात जन्मली ना. जन्म जिथं होतो तिथं लिहितात. तक्त्यात तसंच येणार."

"तुम्हीच त्यांच्या आयांना उचलून नेता," बिबियाने म्हणाली.

"नियम आहे, बिबियाने."

"नियम तुमचा आणि शून्य आमचं."

"हे बघा, मी फक्त तक्ता वाचतोय. निर्णय वसंतात होईल."

बिबियाने तेव्हा एकोणसाठ वर्षांची होती. आरोग्य केंद्र तीच चालवायची, आणि विसाव्या वर्षापासून बाळंतपणं करत होती. त्रेचाळीस मुलं या गावात तिच्या हातून जन्मली, त्यांतला एक माझा थोरला. मग नियम आला की गावात बाळंतपण करायचं नाही, चार आठवडे आधी बाईला हेलिकॉप्टरने शहरात पाठवायचं. नियम वाईट नव्हता. तिच्या हातात दोन बायका गेल्या होत्या. नियम आल्याचं कळलं त्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात बसून सुटल्यासारखी रडली होती. हे ती पुढं विसरली. मी विसरले नाही, पण तिला आठवणही करून दिली नाही. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

केंद्र गेलं की काय होतं हे आम्हाला ठाऊक होतं. खाडीपलीकडच्या गावात आधी केंद्र गेलं, मग शाळा, मग मासळीचा कारखाना. आता तिथं उन्हाळ्यात लोक आपल्याच घरांच्या खिडक्या बघायला जातात.

त्याच वर्षी पिलूला दिवस राहिले. पिलू म्हणजे बिबियानेच्या मेलेल्या बहिणीची मुलगी, पाचव्या वर्षापासून हिनेच वाढवलेली. नवरा गेर्थ हॅलिबटला जायचा. पिलूला तपासायला शहरात न्यायचं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा हवेमुळे हेलिकॉप्टर आलंच नाही. त्यामुळे इस्पितळाला बाळाची तारीख बिबियाने कळवेल तीच.

एकदा मी केंद्रात खोकल्याचं औषध आणायला गेले होते, तेव्हा पिलू तिथं पाय वर करून सुका मासा चघळत बसली होती.

"चार आठवडे इस्पितळाच्या त्या वसतिगृहात एकटीनं काय करू, मावशी? भिंती मोजू? इथंच करून टाक ना तू."

"गप बस. लोणी संपवलंस सगळं."

"तूच म्हणतेस ना, तुझ्या हातात मुलं सुळकन येतात."

बिबियाने हसली आणि कागदावर काहीतरी लिहीत राहिली. त्या कागदावर तिने तारीख पाच आठवडे पुढची घातली, म्हणजे शहरात न्यायची वेळ येण्याआधीच बाळ इथं जन्मेल, हे आम्हाला नंतर कळलं.

सप्टेंबरच्या बाविसाव्या तारखेला सकाळी पिलूला कळा सुरू झाल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. तेव्हाच फोन केला असता तर हेलिकॉप्टर दोन तासांत आलं असतं. बिबियानेने दुपारपर्यंत फोन केला नाही. आम्ही कारखान्यात माशांची डोकी उडवत होतो, तिथं गेर्थ धावत सांगायला आला की मुलगी झाली. आम्ही सुऱ्या खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. एनोक म्हणाला, "घे रे क्लेमेन्स, लिही आता." गावभर लोक केक भाजायला लागले.

मग पिलूचं रक्त थांबेना. बिबियानेने फोन केला तोवर खाडीत धुकं शिरलं होतं. हेलिकॉप्टर साडेचार तासांनी उतरलं. पिलू जगली. पण शहरात तिचं गर्भाशय काढून टाकावं लागलं. ती चोवीस वर्षांची होती.

इस्पितळात डॉक्टरने तिला शेवटच्या पाळीची तारीख विचारली आणि कागदावरची तारीख बघून पुन्हा विचारली. पिलूने दोनदा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तिने कागद मागून घेतला आणि मावशीचं अक्षर ओळखलं.

क्लेमेन्सने फोन केला तो थेट केंद्रात. फोन वाजला तेव्हा मी तिथंच होते, बिबियानेला घरी न्यायला गेले होते.

"तुम्ही असं कसं केलंत?"

"तक्त्यात लिहिलंत का?"

"काय?"

"जन्म. एक. लिहिलंत का?"

त्याने कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "लिहिलाय. पण केंद्राचा निर्णय त्यावर नव्हताच, बिबियाने. बासष्ट माणसांसाठी परवडत नाही, एवढंच होतं. तक्ता आपला जोडायला लागतो. आता वसंतापर्यंत थांबणंही शक्य नाही. तुम्हाला तिथं ठेवता येणार नाही, आणि दुसरं कुणी यायला तयार नाही."

केंद्र नोव्हेंबरात बंद झालं. औषधांचा डबा आता दुकानात काडतुसांच्या मागं असतो. दुखलं की दुकानदार फोन लावून देतो आणि पडद्यावरच्या डॉक्टरला आपण जीभ दाखवायची. बिबियाने कारखान्यात माझ्या शेजारी उभी राहते. सुरी चांगली चालवते.

मुलीच्या बाप्तिस्म्याला पिलूने कॉफीला दार उघडं ठेवलं. अशा दिवशी आमच्याकडं बोलावणं नसतं. दार उघडं दिसलं की जायचं, बूट दाराशी काढायचे, कॉफी आणि केक घ्यायचा, पुढच्याला जागा द्यायची. बिबियाने तीनदा रस्त्यापर्यंत गेली आणि परत आली. शेवटी मी तिचा दंड धरून तिला आत नेलं.

टेबलाशी जागा रिकामी होती. मुलगी गेर्थच्या मांडीवर झोपली होती. बिबियानेने तिच्याकडं पाहिलं, पण हात पुढं केला नाही. कुणी तिला मुलगी दिलीही नाही.

पिलू किटली घेऊन आली. आमच्यात नात्यातल्या वडीलधाऱ्या माणसाला नावानं कुणी हाक मारत नाही. नावानं हाक परक्याला, नाहीतर दुकानदाराला.

"साखर, बिबियाने?" पिलूने विचारलं.

एनोकने उचललेला केक परत बशीत ठेवला.

"नको," बिबियाने म्हणाली. तिने ती कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. मग उठून पुढच्याला जागा दिली.