सातव्या ग्रीनचं पांघरूण

अन्वरभाईंनी पांढऱ्या कापडाचे चार रोल माझ्या मशीनसमोर उतरवून घेतले आणि म्हणाले, "वहिनी, गवताला पांघरूण शिवायचंय." मला वाटलं थट्टा करताहेत. पण चेहरा थट्टेचा नव्हता.

मी दुबईतल्या एका गोल्फ क्लबात शिवणकाम करायची. वेटरांच्या शर्टांची बटणं, नॅपकिनच्या कडा, मैदानावरचे झेंडे. साल अठ्ठ्याण्णव असेल. यजमान तिथेच किचनमध्ये होते, पण मला काम लावून दिलं ते अन्वरभाईंनी. ते श्रीवर्धनकडचे, मैदानावरच्या माणसांचे फोरमन. मॅनेजरला त्यांनी सांगितलं होतं, बाई बोलायची नाही, पण तिची शिलाई उसवायची नाही.

ग्रीन म्हणजे जिथे बॉल भोकात घालतात ती जागा. तिथलं गवत इतकं बारीक कापतात की कॅरमवर सोंगटी सरकावी तसा बॉल सरकतो. सातव्या ग्रीनखालचा पाइप फुटला होता. सगळं उकरून परत पेरावं लागलं, तेही जानेवारीत. एरवीचं गवत म्हणजे आपली हरळीच. ती थंडीत झोपते, म्हणून हिवाळ्यात वेगळं बी पेरतात. महिनाभरात मेंबरांची मोठी कॉम्पिटिशन होती. मैदानाचे साहेब कॅनडाचे, मिस्टर ग्रँट. पाइप खराब झालाय हे फोरमनला आधी कळायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. कॉम्पिटिशनपर्यंत गवत आलं नाही तर दुसरा फोरमन बघीन, असं त्यांनी अन्वरभाईंना तोंडावर सांगितलं होतं. अन्वरभाईंच्या मुली तिथल्याच शाळेत होत्या; नोकरी गेली की सगळ्यांना गावी परतावं लागलं असतं.

साहेबांच्या मुलखात हिवाळ्यात ग्रीनवर बर्फाचा थर जमतो आणि खालचं गवत गुदमरून मरतं. म्हणून ते लोक आधीच पांघरूण घालतात. दुबईत बर्फ कुठला? पण रात्रीच्या गारव्यात बी लवकर रुजत नाही, आणि शमाल, म्हणजे वायव्येचा वारा, सुटला की पेरलेलं उडून जातं. हवा आणि पाणी आत जाईल असं विरळ कापड वरून घातलं की दोन्हीला आळा बसतो.

साहेबांनी ग्रीनचं ड्रॉइंग दिलं होतं. चौकटीचा कागद, एक चौकट म्हणजे एक मीटर. अन्वरभाई म्हणाले, "एकदा येऊन बघून जाता का?"

मी म्हटलं, कागद पुरे.

खरं कारण वेगळं होतं. तिथे चाळीस पुरुष काम करत होते. त्यांच्यामधून टेप घेऊन फिरायचं माझ्याच्याने होईना. शिवाय सवय. आमच्याकडे बाया मापाचा ब्लाउज देऊन जातात. त्यावरून कापायचं, अंगाला हात लावायला नको. मी त्या कागदाला मापाचा ब्लाउज समजले.

गाड्यांच्या शेडमध्ये जमीन झाडून घेतली. खडूने चौकटी आखल्या, पट्ट्या कापल्या, जोडल्या. कडेला दोरीसाठी नेफा केला. तीन दिवस लागले. शेडच्या जमिनीवर पांघरूण रेघेला रेघ बसलं. अन्वरभाई खूश झाले.

ग्रीनवर ते दोन्ही बाजूंनी हातभर आखूड पडलं. ग्रीन शेडसारखं सपाट नव्हतं. मागच्या अंगाला उंचवटा, पुढे खोलगट. माणसांनी ओढून ताणून खिळे ठोकले. उंचवट्यावर कापड तटतटलं आणि खोलगट भागावर अधांतरी राहिलं. मला कुणी कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी शमाल सुटला. वारा त्या पोकळीत शिरला, खिळे उपटले, आणि पांघरुणाने पाव ग्रीन झाडून नेलं. बी, वाळू, सगळं एका कोपऱ्यात.

फाटलेली कड बघायला मला शेडमध्ये बोलावलं. साहेबांनी विचारलं, माप कुणी घेतलं?

अन्वरभाई म्हणाले, "मी घेतलं सर. माय मिस्टेक."

एवढं इंग्रजी मला कळत होतं. मी मान खाली घालून फाटलेली कड चाचपत राहिले. साहेब निघून गेले. मीही शिवणाच्या खोलीत परतले. एका नॅपकिनची कड घालायला घेतली, ती तीनदा उसवली.

जेवणाच्या सुट्टीत टेप घेतली आणि सातव्या ग्रीनवर गेले. माणसं डबे सोडून बघायला लागली. मी टेपचं टोक एकाच्या हातात दिलं आणि उंचवट्यावरून, खड्ड्यातून, जमिनीला चिकटवत पलीकडे नेली. कागदावर बावीस मीटर होतं. इथे तेवीसच्या वर गेलं.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. अन्वरभाई शेजारी बसलेले. मी माझ्या हिंदीत सांगितलं, माप मी घेतलंच नाही, कागदावरून कापलं, अन्वरभाई या म्हणाले होते, मीच आले नाही. साहेबांनी अन्वरभाईंकडे बघितलं. त्यांनी इंग्रजीत सांगितलं ते फारच थोडं होतं. त्यात टुमॉरो आणि फिनिश एवढंच मला कळलं.

मी म्हटलं, "नो सर. मिस्टेक माय. अन्वरभाई नो मिस्टेक."

साहेबांनी वाकून टेपवरचा आकडा वाचला. मग अन्वरभाईंना म्हणाले, आता जे ती खरोखर बोलली ते सांग. अन्वरभाईंनी सांगितलं. साहेबांनी मला एकच विचारलं, दुरुस्त कसं करणार?

परकराला घेर द्यायला तिकोनी तुकडे घालतात, त्यांना कळ्या म्हणतात. उंचवट्यावर मी चार कळ्या घातल्या. खोलगट जागी जादा कापड घेऊन खाली पडू दिलं. या वेळी कापड ग्रीनवरच बेतलं, दहा माणसं कडा धरून उभी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झालं. उडालेल्या जागी परत पेरलं. पुढे एकदा वारा सुटला, पण पांघरूण जमिनीला धरून राहिलं. सहाव्या दिवशी एक कोपरा उचलून अन्वरभाईंनी मला हिरवी लव दाखवली.

कॉम्पिटिशनला ती जागा थोडी विरळ होती. साहेबांनी भोक दुसऱ्या अंगाला पाडलं. मेंबरांना पत्ता लागला नाही. अन्वरभाईंची नोकरी राहिली.

नंतर मी त्यांना विचारलं, तुम्ही अंगावर का घेतलंत?

"तुमचे आठ महिने, वहिनी, माझी बारा वर्षं. मला वाटलं, मला शिव्या घालून ठेवून घेतील. तुम्हाला घालवलंच असतं."

"आणि तुम्हालाच घालवलं असतं तर?"

"तर काय, गावाला बागायत आहे," ते म्हणाले आणि हसले.

त्यांची गावाला बागायत नव्हती. एक माडसुद्धा नव्हता. हे पुढे त्यांच्या बायकोकडून कळलं.

त्या नोकरीत मी आणखी सात वर्षं काढली. तेव्हापासून टेबलक्लॉथ शिवायचा असला तरी आधी टेबल बघून येते.