माघार सर

‘सैन्य पळालं’ असं उत्तरपत्रिकेत कुणी लिहिलं, की सर तेवढा एकच शब्द लाल शाईने खोडत आणि शेजारी समासात लिहीत, ‘तुम्ही पाहिलंत?’ बाकी उत्तर कितीही चोख असो, गुण कापलेच म्हणून समजा. आता सर नाहीत. मी सिन्नरच्या कॉलेजात त्यांचाच विषय शिकवते, आणि पेपर तपासताना तो शब्द आला की माझाही हात तिथेच अडतो. मी मात्र समासात काही लिहीत नाही. ते लिहायचा अधिकार त्यांचा होता.

नाशिकच्या आमच्या कॉलेजात संरक्षणशास्त्राला येणारी मुलं दोनच प्रकारची. फौजेत किंवा पोलिसात भरती व्हायचंय ती, आणि दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही ती. मी दुसऱ्या प्रकारातली. पण शौर्याच्या गोष्टी ऐकायला मिळणार म्हणून आम्ही सगळेच खूश होतो. सरांनी आमचा पुरता विरस केला. हल्ला, वेढा, विजय हे सगळं ते दिवाळीपर्यंत कसंबसं उरकत आणि पुढचं सगळं वर्ष माघारीवर घालवत. हरणारं सैन्य मागे कसं आणायचं, जखमींना कुणी उचलायचं, शेवटची तुकडी कुठे थांबवायची, पूल केव्हा पाडायचा. ‘माघार सर’ हे नाव आमच्या कितीतरी आधीच्या मुलांनी ठेवलेलं. सरांना ते ठाऊक होतं, आणि माझी खात्री आहे, आवडतही होतं.

त्यांचा पहिला तास व्याकरणाचाच असे. फळ्यावर तीन शब्द लिहायचे: माघार, पीछेहाट, पळ. मग विचारायचे, यांची क्रियापदं सांगा. आम्ही गोंधळायचो. “माघार घेतात, पीछेहाट होते, पळ काढतात,” सर सांगायचे. “घेतात म्हणजे घेणारा कुणीतरी असतो. त्याने विचार केलेला असतो, वेळ ठरवलेली असते. तीच गोष्ट करायला उशीर केला, की ती घ्यायची राहत नाही, ती होते.” सेनापतीची खरी परीक्षा पुढे जाताना नाही, मागे फिरायची वेळ ओळखताना होते, हे ते इतक्यांदा सांगत की मागच्या बाकावरची पोरं त्यांच्याबरोबर ओठ हलवत.

हे वेड कुठून आलं ते एकदा त्यांनीच सांगितलं. येवल्याजवळच्या एका खेड्यातलं त्यांचं घराणं. आजोबा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश सोडावा लागला तेव्हा जंगलातून, चिखलातून, तापाने फणफणत ते चालत परत आले, एका जखमी जोडीदाराला बाकीच्यांबरोबर आळीपाळीने खांद्यावर घेऊन. गावात आल्यावर कुणी हार घातला नाही. ‘पळून आलेला’ हेच नाव त्यांना चिकटलं. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या पोराने फौजेचे बूट घालून मिरवलेलं गावाला आधीच सलत होतं, त्यांना आयतंच कोलीत मिळालं. आजोबा त्यावर जन्मात काही बोलले नाहीत. नातवाने त्याच विषयात डॉक्टरेट केली, परदेशी विद्यापीठांत जाऊन व्याख्यानं दिली, देवळाली कॅम्पातले निवृत्त अधिकारी त्याचं म्हणणं ऐकायला येऊन बसू लागले. पण ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो माणूस ऐकायला उरला नव्हता, ही रुखरुख सरांच्या बोलण्यात कायम असे.

विषय त्यांच्या अंगात इतका मुरला होता की त्याची गंमतच वाटे. स्कूटर लावताना तिचं तोंड नेहमी रस्त्याकडे. लग्नाला गेले तर खुर्ची दाराजवळची. रामशेजवर आमची सहल नेत, तेव्हा किल्ला कसा लढला हे पाच मिनिटांत सांगून ते उतरायची वाट दाखवायला घेत, आणि उतरताना स्वतः सगळ्यांच्या मागे राहत. चढायचं सगळेच शिकवतात, म्हणत. त्यांच्या पत्नी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून आम्हीही त्यांना बाईच म्हणत असू. सहलीला भाकरी आणि ठेच्याचा डबा घेऊन त्या हमखास यायच्या. “यांना भाजी आणायला पाठवलं ना, तरी आधी परतीचा रस्ता बघतात, मग भाव विचारतात,” असं त्या आमच्यासमोरच म्हणायच्या आणि सर लाजून हसायचे.

एकदा सीमेवर वातावरण तापलं होतं, तेव्हा एका वाहिनीने सरांना चर्चेला बोलावलं. आमची सगळी बॅच टीव्हीसमोर. निवेदक घसा फोडून सांगत होता, घुसायचं, ठोकायचं. सरांची पाळी आली. त्यांनी शांतपणे विचारलं, गेलेली पोरं परत कशी आणणार, ते ठरलंय का? पुढच्या क्षणी पडद्यावरून सर गायब आणि साबणाची जाहिरात सुरू. पुन्हा त्यांना कुणी बोलावलं नाही. कॉलनीत आठवडाभर चेष्टा चालली. बाई तेवढ्या खूश होत्या. म्हणाल्या, बरं झालं, वेळेवर घरी आले.

सर निवृत्त झाले आणि माघारीवरचा मोठा ग्रंथ लिहायला बसले. वर्ष-दीड वर्षातच बाईंना कॅन्सर निघाला. नाशिकच्या डॉक्टरांनी शक्य ते केलं आणि मग सरांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की आता त्रास कमी करणं एवढंच हातात आहे, घरी न्या. बाईंचंही तेच म्हणणं होतं. त्यांना अंगणातल्या खुर्चीत बसायचं होतं, शेजारणींशी बोलायचं होतं, बुद्धपौर्णिमेला खीर करून वाटायची होती. सरांनी ऐकलं नाही. नवं औषध आलंय म्हणून ते त्यांना मुंबईला घेऊन गेले. त्या औषधाने गुण आला नाही, तेव्हा दुसरं सुरू केलं.

मी भेटायला गेले तेव्हा बाई ओळखू येत नव्हत्या. त्यांनी माझा हात धरला. “तुझ्या सरांना सांग,” त्या म्हणाल्या, “एवढी पोरं शिकवली, आता जरा माझंही ऐका. मला घरी जायचंय.”

मी खाली कँटीनमध्ये जाऊन सरांना जसंच्या तसं सांगितलं. समोरचा चहा गार झाला होता. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, अजून एकदा बघू. जगातल्या सगळ्या सेनापतींच्या चुका ज्या माणसाला पाठ होत्या, तो तेच वाक्य बोलत होता जे ते सगळे बोलले असतील. मला राग आला नाही.  एवढं प्रेम करणारा माणूस ‘आता पुरे’ हे दोन शब्द तोंडातून कसे काढणार?

शेवटी डॉक्टरांनीच हात जोडले, तेव्हा सर बाईंना घेऊन निघाले. बाई घरी पोचल्या नाहीत. कसाऱ्याला पोचायच्या आधी, अँब्युलन्समध्येच गेल्या.

अंत्यविधीचं त्रिशरण झालं, माणसं सांत्वनाला येऊ लागली. येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, सर, शेवटपर्यंत लढलात. त्या वाक्यागणिक त्यांचा चेहरा पांढरा पडत जाताना मी पाहत होते. ते रडले मात्र नाहीत. गर्दी ओसरल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी घेतली नाही गं. झाली.”

कशाबद्दल बोलताहेत ते मला विचारावं लागलं नाही. ग्रंथ तिथेच थांबला. मी एक-दोनदा विषय काढला. लिहिलेलं खोटं नाही, पण आता ते मी सांगू नये, एवढंच ते म्हणाले. त्यांच्याकडून मी हट्टाने काही करून घ्यावं, असा तो विषय नव्हता.

पुढच्या वर्षी माझे वडील आजारी पडले. दिंडोरी तालुक्यात आमची थोडी द्राक्षबाग आहे. जन्म त्या बागेत गेलेला माणूस नाशिकच्या हॉस्पिटलात नळ्या लावून पडला होता. भाऊ म्हणत होता, पुण्याला हलवू. मीही त्याच मताची होते. सरांना फोन केला, ओळखीचे डॉक्टर सांगा म्हणून.  त्यांनी विचारलं, “वडिलांना काय हवंय, ते विचारलंस?”

मी विचारलं नव्हतं. जाऊन विचारलं. वडील म्हणाले, “लय झालं बाई. हितं छताकडं बघून बघून जीव आंबला. छाटनी आली आसंल. घरी न्या मला.”

आम्ही नेलं. भावाला मी दोन दिवस तोंड दाखवत नव्हते, इतकं भांडण झालं, पण नेलं. पडवीत खाट टाकली, तिथून बाग दिसायची. छाटणीच्या कात्र्यांचा आवाज ऐकत वडील पडून राहायचे, मधूनच मजुरांना ओरडायचे, काडी लांब ठेवली म्हणून. आजार तोच होता, पण माणूस आमचा आम्हाला परत मिळाला होता.

एका सकाळी सर एसटीने आले. वाळले होते फार. खाटेशेजारी स्टुलावर बसले. दोघांची ही पहिलीच भेट. वडिलांनीच विचारलं, “सर, तुमी पोरीला काय शिकवायचे हो कालेजात?”

सरांनी थोडा विचार केला. “घरी परत कसं यायचं, ते,” ते म्हणाले.

“मंग शिकली म्हनायची,” वडील म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

सर उठले. चपला न घालताच पायऱ्या उतरले आणि बागेच्या कडेला जाऊन मातीत बसले. मी मागोमाग गेले. हा माणूस बाईंना अग्नी देताना रडला नव्हता. आता खांदे हलत होते, आवाज आवरत नव्हता. बागेतल्या बायका हातातलं काम थांबवून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. 

मग त्यांना शब्द फुटले. “अँब्युलन्समध्ये सारखी विचारत होती, कुठं आलो, कुठं आलो. मी म्हणालो, इगतपुरी आली, आपला जिल्हा लागला. मग हसली. खोटं सांगितलं गं मी तिला. घाट अजून चढायचाच होता.”