राखीव सिलिंडर

जगातली कुठलीही वस्तू एकटी सुखानं नांदू शकते, यावर माझ्या साडभाऊंचा मुळीच विश्वास नव्हता. चष्म्याच्या खोक्यात दुसरा चष्मा, मोटरसायकलच्या डिकीत दुसरी क्लचची तार आणि लग्नाला जाताना पिशवीत दुसरा चपलांचा जोड, कारण मांडवातून चप्पल जाते म्हणजे जातेच. गोंदियात त्यांचं राइस मिलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पट्टे, बेअरिंगा, चाळण्या. त्या दुकानाचा एक नियम सगळ्या बाजाराला पाठ होता. कुठल्याही मालाचा शेवटचा नग विकायचा नाही. ऐन धानाच्या हंगामात एखादा मिलवाला धापा टाकत यायचा. समोर खिळ्याला पट्टा लटकलेला असायचा आणि साडभाऊ शांतपणे सांगायचे, "माल नहीं है." "अरे, वो क्या टंगा है?" "वो आखरी है." "तो वही दे दो." "दे दिया तो दुकान में क्या रहेगा?" मिलवाला कपाळावर हात मारून शेजारच्या दुकानात जायचा. असल्या दुकानदारीत माणूस बुडायला हवा होता. साडभाऊ बुडाले नाहीत, पण फार तरले असंही म्हणता येणार नाही.

पुढं दुकान पुतण्याकडे सोपवून त्यांनी वऱ्हाडं वाहून थकलेली एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेतली, तिच्या सीटा उपटल्या आणि आत दोन बाकं, एक ओटा आणि शेगडी बसवली. साडभाऊ तिला कॅराव्हॅन म्हणत. मोहल्ला रसोईगाडी म्हणे, आणि मोहल्ल्याचं बरोबर होतं, कारण त्या गाडीत इंजिनापेक्षा गॅसची काळजी जास्त घेतली जाई. लहान सिलिंडर दोन, रेग्युलेटर दोन, रबरी नळ्या दोन, वायसर मूठभर. निघण्याआधी दुकानातल्या ताणकाट्याला दोन्ही सिलिंडर टांगून वजन व्हायचं. सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे, मग घरच्या प्रत्येकानं वाकून नाक लावायचं. मला सर्दी असली तरी सुटका नसे. वाटेत गॅस किती उरलाय ते पाहायला ते सिलिंडरवर कढत पाणी ओतत आणि हात फिरवत. जिथं गार लागेल तिथवर गॅस. ते पाणी अर्थात त्याच गॅसवर तापवलेलं असे. "पाहण्यातच अर्धा सरते," असं ताई म्हणायच्या. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. या माणसाशी त्यांनी संसार कसा केला, याचं मला अजून कोडं आहे. आणि तो हसत केला, याचं त्याहून मोठं.

ताईंना समुद्र पाहायचा होता. मागणं एवढंच. गाडी आल्यापासून साडभाऊंनी त्यांना बोदलकशाचा तलाव दाखवला, चोरखमाऱ्याचा दाखवला, पुन्हा बोदलकशाचा दाखवला. चोरखमाऱ्याच्या पाळीवर बसून चहा पिताना एकदा त्या म्हणाल्या, "इथं पलीकडचा काठ दिसते. मले काठ न दिसणारं पाणी पाहाचं हाय." साडभाऊ लगेच म्हणाले, पुरीला जाऊ. त्यांच्या मनात खोट नव्हती. खोट त्यांच्या नियमात होती, आणि ती आम्हाला छत्तीसगडात, महासमुंदच्या पुढं गेल्यावर कळली.

त्या सफरीला मी आणि माझी बायकोही होतो. रस्त्याकडेच्या एका आंब्याखाली सकाळचा चहा ठेवला आणि उकळी यायच्या आधीच शेगडी फुर्र करून विझली. त्यात नवल नव्हतं. नवा सिलिंडर फोडायचा नाही म्हणून घरचा अर्धामुर्धा वापरलेला सिलिंडर लावूनच आम्ही निघालो होतो.

"गॅस संपला," साडभाऊ म्हणाले. "वापस चाला."

"दुसरा हाय ना," ताई म्हणाल्या.

"तो राखीव हाय."

"मंग राखीव कायले असते?"

"पहिला संपन तवासाठी."

"संपला ना पहिला."

"हो. आता तो लावला त तोच पहिला झाला. मंग राखीव कोणता?"

मी वाटेत दुसरा विकत घेऊ म्हटलं, तर परक्या गावच्या सिलिंडरचा त्यांना भरवसा नव्हता. ताईंनी काड्या वेचून चूल पेटवायची तयारी दाखवली, तर पाऊस आला तर काय, असं त्यांनी विचारलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. गाडी वळली. येताना आम्ही ढाब्याढाब्यावर चहा प्यालो आणि भरलेला सिलिंडर बाकाखाली आमच्या पायांना लागत राहिला. तिसऱ्या ढाब्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "ढाब्यावरची चाय पेत घरी जाता येते, त समोर काऊन जाता येत नाही?" साडभाऊ म्हणाले, "घराकडं जाणं येगळं." त्यानंतर घराजवळचं देवरी येईपर्यंत ताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. घरी आल्यावर मात्र त्यांनीच ही हकिकत नकला करून शेजारणींना सांगितली आणि सगळ्याजणी पोट धरून हसल्या. साडभाऊसुद्धा हसले. पुढच्या हिवाळ्यात जाऊ, असं ठरलं.

हिवाळ्याआधीच ताईंना धाप लागायला लागली. हृदयाचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. दारातल्या गाडीच्या पायरीवर बसून त्या तांदूळ निवडायच्या. शेवटी शेवटी घरी ऑक्सिजनचा सिलिंडर आला. साडभाऊंनी दोन आणले, हे सांगायला नकोच. पण पहिल्याचा काटा खाली येऊ लागताच त्यांनी दुसरा लावला. ना नियम काढला, ना विचार केला. मग तिसरा आणला, चौथा आणला. धानाची कापणी चालू असताना ताई गेल्या. मला सख्खी बहीण नाही, ती काय असते ते मला त्या दिवशी समजलं.

वर्षश्राद्ध झाल्यावर साडभाऊ माझ्याकडे आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "पुरीले चालता काय?" मी बॅग भरली. या वेळी निघताना त्यांनी वजन केलं नाही की मला नाक लावायला लावलं नाही. बाकाखाली तोच राखीव सिलिंडर होता, तोंडावरचं सीलही तसंच. छत्तीसगड ओलांडल्यावर एका सकाळी शेगडी विझली. मी त्यांच्याकडे न बघता पातेल्याकडे बघत बसलो. मग त्यांनी बाकाखालून सिलिंडर ओढला आणि सील तोडायला घेतलं. प्लास्टिक निघेना. शेवटी दातांनी तोडलं. चहा झाला. कप विसळून ते म्हणाले, "चाला, समोर जाऊ."

पुरीला गाडी वाळूच्या कडेला लावून त्यांनी पुन्हा चहा केला आणि पायरीवर बसून तो गार होईपर्यंत समुद्राकडे पाहिलं. "नाही दिसत काठ," म्हणाले. ती सबंध सफर ते एवढंच काय ते समुद्राबद्दल बोलले.

परतीच्या वाटेवरही चहा, खिचडी, अंघोळीचं पाणी, सगळं त्याच सिलिंडरवर झालं. गोंदियाला पोचल्यावर, सामानही न उतरवता, ते सिलिंडर घेऊन दुकानात गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी तो ताणकाट्याला टांगला, काटा थांबेपर्यंत वाट पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"अर्ध्याच्या वर हाय," ते म्हणाले. "पुरला असता, साडभाऊ. जाऊन येऊन पुरला असता."

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, की तो रिकामा झालेला सिलिंडर उद्या भरून आणतो.

त्यांनी काट्यावरून सिलिंडर उतरवला, जमिनीवर सावकाश टेकवला.

"राहू द्या," म्हणाले. "एकट्याले एक पुरते."