तुतीखालचा खड्डा

मंगळवार, १४ एप्रिल २००९. ईस्टरची सुट्टी काल संपली. सकाळी गारठा, दुपारी ऊन. उरलेल्या कोकराच्या मटणाचा रस्सा केला. अकरा वाजता अरमिदा तिला आलेले सरकारी पत्र घेऊन आली. नगरपालिकेने तिला परवाना नाकारला. ३१ मेपर्यंत तो मिळाला नाही तर तिला घर सोडावे लागेल. तिने कॉफी घेतली नाही.

वहीत मी एवढेच लिहिले. अरमिदा ब्रान्दोनीने कॉफी नाकारल्याचे आमच्या कोल्लेबियांको गावात तोवर कोणी पाहिले नव्हते. सकाळची कॉफी ती माझ्याकडे घेत असे, तीही बडीशेपेच्या दारूचे चार थेंब टाकून. नंतर ती कामावर जाई. तिचे काम म्हणजे लोकांच्या संडासाच्या टाक्या उपसणे.

हे काम तिच्या बापाचे, ओरेस्तेचे. १९७२ साली त्याला अर्धांगवायू झाला तेव्हा अरमिदा बत्तीस वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी तिने बापाचे बूट चढवले आणि ट्रॅक्टरला टाकी जोडून निघाली. चौकातले पुरुष नाकाला रुमाल लावून हसले. तिने ट्रॅक्टर थांबवला आणि म्हणाली, "हसा की! पुढच्या आठवड्यात तुमच्याच घरी येणार आहे. तिथे कुणाचं काय निघतं ते मला कळणार आहे." त्यानंतर हसणे बरेच कमी झाले.

ती खोटे बोलत नव्हती. झाकण उघडून काठी ढवळली की घरात काय चालले आहे ते तिला कळे. एकदा माझ्याच टाकीवर वाकून म्हणाली, "योलांदा, संडासात ते जंतुनाशक ओतणं बंद कर. आतले जंतू फुकट राबतायत तुझ्यासाठी, आणि तू त्यांनाच मारतेस." शाळेत नन्सनी मला स्वच्छतेचे पुष्कळ धडे दिले होते, पण हा त्यात नव्हता. रविवारी मात्र ती इस्त्रीचा झगा घालून, खिशात लव्हेंडरची काडी ठेवून प्रार्थनेला येई आणि पुढच्याच बाकावर बसे. लग्न तिने केले नाही. टेकडीवरचे बापाचे घर, चार कोंबड्या, ट्रॅक्टर आणि सगळ्या दरीतल्या टाक्या, हा तिचा संसार.

आमच्या टेकड्यांवर गटाराची नळी पोचत नाही. घरोघरी टाकी असते. मैला तळाशी बसतो, वरचे पाणी भोकांच्या नळीतून जमिनीत सोडतात. मागल्या वर्षी नगरपालिकेने फर्मान काढले की प्रत्येकाने आपल्या टाकीची खरी माहिती लिहून द्यावी, तपासणी होईल, आणि परवाना नसेल तर त्या घरात राहता येणार नाही. लोकांनी काय काय लिहिले ते लोकांनाच माहीत. अरमिदाने पहिल्याच दिवशी अर्ज भरला. दिव्याखाली अंधार म्हणतात तसे तिचे होते: बापाने विटांनी बांधलेला जुना खड्डा, तोही गळका. तिने तसेच लिहिले.

"अगं, 'ठीक आहे' म्हणून लिहायचंस," तिचा शेजारी क्विंतो म्हणाला.

"दुसऱ्यांच्या गळक्या टाक्यांवर मी छत्तीस वर्षं ओरडले. आता स्वतःच्या टाकीवर गप्प बसू?"

तिला नवी टाकी बांधायची होती, पण आधी जमिनीची चाचणी झाली पाहिजे. एक हातभर खड्डा काढायचा, आदल्या दिवशी तो पाण्याने भिजवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पाणी एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते बघायचे. एका तासाच्या आत उतरले तर परवाना. नाही उतरले तर नाही. मार्चमध्ये नगरपालिकेचे नवे ओव्हरसियर एल्व्हिओ तार्सी ही चाचणी करून गेले. त्या दोन्ही दिवशी अरमिदा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी शहरातल्या इस्पितळात होती. फाटक क्विंतोने उघडून दिले होते.

तर आता ते पत्र माझ्या टेबलावर होते. सरकारी भाषा वाचायला अरमिदा नेहमी माझ्याकडे येई.

"वाच," ती म्हणाली. "सगळं वाच. एक शब्द गाळू नकोस."

मी वाचले. जमीन पाणी शोषत नाही. एका तासानंतर पातळीत फरक नाही. सबब परवाना नाकारण्यात येत आहे.

"पुतण्या अँकोनाला ये म्हणतोय. तिसऱ्या मजल्यावर एक खोली. मी तिथे काय करू, ढगांच्या टाक्या उपसू?" तिने डोळ्यांवरचा काळा चष्मा नीट केला. "आणि माझ्या जमिनीत पाणी मुरत नाही? तिथे माझे दोडके पाण्यासाठी बोंबलतात!"

मी पुढे वाचले. "चाचणीची जागा: घराच्या पूर्वेस बारा मीटरवर, सपाट, गवताळ."

"परत वाच."

"घराच्या पूर्वेस बारा मीटरवर, सपाट—"

"सपाट!" तिने टेबलावर असा हात मारला की साखरेचे भांडे उडाले. "योलांदा, माझ्या टेकडीवर सपाट जागा आहे का गं? अंडं ठेवलं तर दरीत जातं! सपाट एकच जागा आहे, आणि ती देवाने नाही, माझ्या आजोबांनी केलीय. बाई गं, त्या ओव्हरसियरने खळ्यात खड्डा काढला!"

मलाही तेव्हाच आठवले. पूर्वेला ब्रान्दोनींचे खळे होते. दर जूनमध्ये चिकणमाती टाकायची, बैलाच्या शेणाने दोनदा सारवायचे, दगडी रूळ फिरवायचा, म्हणजे गव्हाचा एकही दाणा मातीत जात नसे. तीन पिढ्या हेच. मग मळणीयंत्र आले, तेही तिथेच उभे राहायचे. शेवटची मळणी झाल्यावर वरती गवत उगवले. क्विंतो या टेकडीवर १९७५ साली आला, त्याला ती जागा कुरण वाटायची. तार्सी तर तेव्हा जन्मलेही नव्हते. त्यांनी उभे राहायला सोयीची जागा पाहिली आणि तिथेच खणले.

अरमिदाने त्या दिवशी कॉफी उशिरा घेतली, पण दोन कप.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कचेरीत गेलो. तार्सी सभ्य मनुष्य. उभे राहून खुर्च्या दिल्या.

"सिन्योरा, फेरचाचणीला तांत्रिक कारण लागतं," ते म्हणाले. "तिथे खळं होतं असं तुम्ही म्हणता. मला तर गवत दिसलं."

"गवत काय, कबरीवरही उगवतं," अरमिदा म्हणाली. "म्हणून काय खाली कुणी नाही?"

"मी विश्वास ठेवीन हो. पण फाईल ठेवणार नाही. लेखी काही आहे?"

घरी येऊन मी वह्यांची पेटी उघडली. शाळा सोडल्यापासून एक दिवसही मी लिहायचा चुकवलेला नाही. दोन संध्याकाळी शोधल्यावर सापडले: सोमवार, ८ जुलै १९५७. "ब्रान्दोनींकडे मळणी. ओरेस्तेने खळे घरापुढे पूर्वेला नव्याने सारवले आहे. जेवणाआधी पाण्याचे पिंप कलंडले आणि सगळे पाणी खळ्यावर सांडले. ते संध्याकाळपर्यंत तसेच उभे होते. बदके त्यात पोहली. माणसे ओरेस्तेच्या खळ्याला 'समुद्र' म्हणू लागली."

तार्सींनी ती वही दोनदा वाचली. दुसऱ्यांदा बदकांपाशी थांबून हसले.

"म्हणजे माझी चाचणी बरोबर होती," ते म्हणाले.

"एकदम बरोबर," अरमिदा म्हणाली. "फक्त बावन्न वर्षं उशिरा केलीत. बदकांनी आधीच केली होती."

फेरचाचणी २१ मेला ठरली. वेळ कमी होता. या खेपेला पाणी उतरले नसते तर पुढे दहाच दिवस उरले असते, आणि तिसरी संधी नव्हती. जागा अरमिदाने निवडायची होती. घराच्या खाली उतारावर जुनी तुतीची झाडे आहेत. तिथे बिळांतले उंदीर दरवर्षी भुसभुशीत माती वर काढतात. विहिरीपासूनचे अंतर तार्सींनी फितीने मोजले. पुरेसे होते. वीस तारखेला अरमिदाने स्वतः कुदळ घेऊन खड्डा काढला. क्विंतोला जवळ येऊ दिले नाही. "तू फक्त फाटकं उघड. तेवढं तुला चांगलं जमतं," ती म्हणाली. तो बिचारा महिनाभर शरमेने तिच्या कोंबड्यांना दाणे घालत होता.

गुरुवारी सकाळी नऊला पाहते तर उतारावर निम्मे गाव! ज्यांच्या टाक्या तिने उपसल्या ते सगळे. स्वयंपाकघरातल्या खुर्च्या आणलेल्या, केक आणलेला. खड्ड्यातले पाणी बघायला आली तेवढी माणसे आमच्याकडे बिशप आले तेव्हाही जमली नव्हती. तार्सींना घाम फुटला.

"एवढे लोक कशाला?"

"साक्षीदार," अरमिदा म्हणाली. "या वेळी बदकांवर भागणार नाही."

तार्सींनी खड्ड्यात खिळा ठोकला, खुणांची पट्टी लावली, पाणी ओतले, घड्याळ लावले. अरमिदा पट्टीकडे पाहत नव्हती. तिची नजर घराकडे होती, आणि हातातली लव्हेंडरची काडी तिने चुरडून टाकली होती.

पाच मिनिटे. पाणी हलले की नाही कळेना. मागून कोणीतरी म्हणाले, "नाही उतरत."

"तू गप रे! तुझा संडास तुंबला तेव्हा तूही असाच घाईला आला होतास," क्विंतो ओरडला. मग तो पोटावर आडवा झाला आणि डोळा पट्टीला लावून सायकल शर्यतीचे वर्णन करावे तसे सुरू झाला. "निघालं! निघालं बघा! पाव इंच! चढ संपला, आता उतार लागला... अर्धा! जा रे बाबा, जा, अरमिदाची शपथ तुला..."

अकराव्या मिनिटाला पाणी इंचभर उतरले.

लोक ओरडणार होते, पण तार्सींनी हात वर केला. नियमाने तीनदा बघावे लागते. दुसऱ्यांदा तेरा मिनिटे. तिसऱ्यांदा पुन्हा तेरा. त्यांनी घड्याळ खिशात टाकले, अरमिदापुढे उभे राहिले आणि टोपी काढली.

"सिन्योरा ब्रान्दोनी, तुमची जमीन पाणी पिते."

"मग! माझ्याच घरची आहे," अरमिदा म्हणाली आणि एकदम खाली बसली. जवळ खुर्ची होती म्हणून बरे. चर्चची घंटा वाजवायला कोण धावले ते मला आजतागायत कळलेले नाही. क्विंतोने तिला उचलून तुतीभोवती फिरवायचा प्रयत्न केला. त्याला एकोणसत्तर वर्षांची बाई पेलवली नाही, म्हणून चौघांनी खुर्चीसकट उचलले. सदतीस वर्षांपूर्वी रुमाल लावून हसणाऱ्यांपैकी दोघे त्या चौघांत होते. उताराच्या वरच्या टोकावरून मला ते स्पष्ट दिसत होते.

तार्सींनी तिथेच, केकच्या ताटाशेजारी, कागदावर सही केली. शिक्का मारताना शाई कमी पडली म्हणून पुन्हा मारला. नवी टाकी जूनमध्ये बसली. तिच्या तपासणीत तार्सींना काढायला एकही दोष सापडला नाही. त्यांनी झाकणावर दोनदा टिचक्या मारल्या आणि वर पाहिले, तेवढेच. आता कुठल्याही टेकडीवर खड्डा काढण्याआधी ते अरमिदाला ट्रॅक्टरवरून उतरवतात आणि विचारतात, "सिन्योरा, इथे कधी खळं होतं का?" ती काठीने जमीन ठोकून सांगते. तिचे ऐकतात.

सगळे गेल्यावर, त्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, मी वहीत चाचणीचे तिन्ही आकडे लिहिले. त्याखाली लिहिले: माझ्या स्वयंपाकघरातल्या सहा खुर्च्या नेल्या होत्या. पाच परत आल्या. सहावी अरमिदाकडे आहे. रात्री पावाचे सूप केले, मीठ संपले.