बाबांना समुद्रात टाकायचं प्लॅनिंग

मागच्या रविवारी दुपारी, कोराडी रोडवरच्या आमच्या घरी, वरणभात वाढून होतो न होतो तोच बाबांनी जाहीर केलं... "मी मेलो का मले समुद्रात टाकजो."

आईच्या हातातली पळीही थांबली नाही. "कोणत्या समुद्रात? नागपुरात अंबाझरीचा तलाव हाये फक्त."

मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे, कंटेनर जहाजावर. सध्या रजेवर घरी आले आहे, येत्या शुक्रवारी जॉइनिंग. त्यामुळे प्रश्न आपोआप माझ्याकडे आला. तांत्रिक प्रश्न आला की मला बरं वाटतं... घरातल्या इतर प्रश्नांपेक्षा तो सोपा असतो.

मी सांगितलं की आजकाल जहाजावर कोणी वारलं तरी सहसा समुद्रात सोडत नाहीत. कोल्ड स्टोअरमध्ये ठेवतात आणि पुढच्या बंदरात उतरवतात.

"म्हणजे तुमचं चिकन ठेवते तिथं?" आईने विचारलं.

चिकन आधी दुसरीकडे हलवतात, असं मी म्हटलं. आईने माझ्या ताटातल्या चिकनच्या रश्श्याकडे एकदा पाहिलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

बाबा मात्र गंभीर होते. मग मीही रीतसर सुरुवात केली. शरीर नुसतं सोडलं तर ते पुन्हा वर येतं, म्हणून कॅनव्हासमध्ये शिवायचं आणि पायाशी लोखंड बांधायचं. पेटी वापरली तर तिला भोकं पाडायची. नाहीतर ती तरंगत तरंगत कुठल्यातरी किनाऱ्याला लागते, आणि मग पोलीस स्टेशन...

बाबांची सगळी नोकरी कोराडीच्या पॉवर प्लांटमध्ये, पाणी खेचणाऱ्या पंपहाऊसला झाली. त्यामुळे लोखंड म्हटल्यावर त्यांना हुरूप आला. "पंपाचा जुना इम्पेलर बांधजो. पण कास्ट आयर्नचा पाह्यजो. स्टेनलेसचा कायले वाया घालवतं?" इम्पेलर म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, चांगलं जड.

आईला एवढ्या लांबचा प्रवास मान्य नव्हता. "कोराडीचा तलाव काय वाईट हाये?"

"काहीही बोलून राहिली तू!" बाबा खरोखर दचकले. "ते पाणी प्लांटले जाते. मी जाळीवर येऊन अडकलो अन् पंप ट्रिप होऊन बंद पडला, तर शिफ्टवाले शिव्या देतीन ना मले." पंपात कचरा जाऊ नये म्हणून तोंडाशी जाळी असते. तिच्यावर आलेली जलपर्णी, चपला आणि मेलेली कुत्री काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आहेत. स्वतः त्या यादीत जायची कल्पना त्यांना सहन झाली नाही.

मग वाहतूक. नागपूरहून समुद्र कुठल्याही बाजूला सारखाच गैरसोयीचा. रेल्वेने न्यायचं तर पार्सल व्हॅन, असं मी म्हटलं.

"म्हणजे कळमना मार्केटच्या मालासारखं पाठवाचं का यायले?" आई म्हणाली. "अन् कामठीवाली मावशी? तिले ऑटोत बसलं तरी उलटी होते. बोटीत कोण सांभाळन तिले?"

मग तिने पळी खाली ठेवली. "अन् झाड कुठं लावाचं?"

आमच्या घरात राख नदीत सोडत नाहीत. मातीत पुरतात आणि वर झाड लावतात. आजोबांचा कडुनिंब आता गच्चीच्या वर गेला आहे. आईच्या डोक्यात बाबांची जागा त्याच्या शेजारी ठरलेली होती, आणि तिच्या बाजूने विचार केला तर समुद्र ही शुद्ध फसवणूक होती.

बाबा भात कालवत राहिले. मीच विषय पुढे नेला... जागा सांगा, म्हटलं, अरबी समुद्र मोठा आहे. मला वाटलं, आता ते हसतील आणि जेवण संपेल.

बाबांनी हात धुतला, पुसला, फोन काढला आणि जहाजं दाखवणारं एक ॲप उघडलं. नकाशा सरकवत सरकवत मुंबईपासून बरंच पश्चिमेला नेला आणि बोट ठेवलं. "इथं."

इथेच का, हे मला कळेना.

"इथपर्यंत तुयं जहाज दिसते. याच्या पुढं दिसत नाही. मंग कित्येक दिवस नुसतं निळं." बाबा बोट काही उचलत नव्हते. "इथं टाकजो. इथून पुढचं मी पाह्यतो."

ते फुकटचं ॲप किनाऱ्यावरच्या अँटेनांवर चालतं. खोल समुद्रातला डेटा सॅटेलाइटचा, त्याचे वेगळे पैसे पडतात. हे मला माहीत होतं. बाबा ते उघडून बसतात, हे माहीत नव्हतं.

आई हळूच म्हणाली, "काल मेश्रामभाऊच्या मयतीतून आले तवापासून असंच चालू हाये यायचं." मेश्रामकाका बाबांचे पंपहाऊसमधले सोबती. त्यांचा मुलगा कॅनडात. सगळे प्रेताजवळचा बर्फ बदलत त्याची वाट पाहत राहिले... शेवटी पुतण्यानेच सगळं केलं.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, इंजिन रूम पाण्याच्या पातळीखाली असते, तिला खिडकी नसते. मी तिथून गेले तरी मला काही दिसणार नाही.

"मी बी खालीच राहीन ना," बाबा म्हणाले. "वरच्या लोकायशी मले काय काम?"

आई ताक आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

 मी एवढंच सांगितलं की त्या भागात पावसाळ्यात समुद्र फार खवळलेला असतो, तेव्हा उगाच घाई करू नका.

"तुयी सुट्टी पाहून ठरवू," बाबा म्हणाले.

शुक्रवारी निघते आहे. त्या निळ्या पट्ट्यातून जाताना बहुधा मी ड्यूटीवर असेन, आणि बाबा माझ्या खाली नसतील, कोराडी रोडला असतील. याबद्दल नक्की कोणाचे आभार मानायचे ते मला माहीत नाही... पण मानते आहे.