काहिलीत मीच उभा राहिलो

हॉस्टेलातल्या गड्यांनो, हे पत्र फळ्यावर लावा.

बेचाळीसच्या चळवळीत कॉलेज सोडल्यापासून मी सहलीच्या मंडळींना गुऱ्हाळात उसाचा रस कढवायच्या मोठ्या काहिलीत बसवून कृष्णेपार नेतो. आधीच बजावतो, "मधी कुनी उठायचं न्हाई."

आज पाच जणांत सुमन होती, जिच्यापायी माझी झोप उडालीय. तिच्या शेजारी बसलेला मास्तर तिला हसवत होता. ऐन धारेत माझं डोकं फिरलं. वल्हं उगारून मीच उठलो. "ए मास्तर, सरक तिकडं!"

काहील कलली, पाणी आत आलं, सगळेच किंचाळले.

सुमन म्हणाली, "आवं, बसा खाली! नियम तुमचाच हाय न्हवं?"

बसलो. कसाबसा काठ गाठला. परतीला सगळी मंडळी लांबच्या पुलावरून चालत गेली, तीही. रिकामी काहील मला एकट्याला आवरेना, नुसती गरगरत राहिली.

खरं सांगा, तुम्ही बसाल माझ्या काहिलीत?